अंगठ्यावरचा दम

त्या रविवारी हेडक्लार्कने गाडीला हात लावला नसता, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती आणि त्याच्या सासऱ्यांना तळ्यावर जाता आलं असतं. पण गाडी सुरू होताना एक उचकी द्यायची. एकच. तेवढी उचकी काढून टाकावी, असं त्याच्या मनात आलं. (जावक विभागात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात असलं काही का यावं, हे त्याचं त्यालाही कळलेलं नाही.)

गाडी सासऱ्यांची. त्यांनी ती स्वतः चालवली, स्वतः दुरुस्त केली. आता डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणून ते लेकीकडे राहायला आले आणि गाडी पुतण्याला द्यायची ठरली. तो त्याच दिवशी पाच वाजता ती न्यायला येणार होता. त्याआधी एकदा तळ्यापर्यंत जाऊन यावं, एवढंच सासऱ्यांनी मागितलं होतं. सासूबाई होत्या तेव्हा दर रविवारी दोघं तिकडे जायचे.

"दिसणार काही नाही मला," ते म्हणाले होते, "पण वळणं पाठ आहेत."

दहाला निघायचं, म्हणून ते आठपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून दारातल्या खुर्चीत बसले होते.

तर उचकीसाठी हेडक्लार्कने डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला. म्हणजे इंजिनात ठिणगी केव्हा पाडायची, हे ठरवणारा डबा. काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करून ठेवायची असते, हे त्याला काढल्यावर समजलं. त्याने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला फोन लावला.

"साहेब, आता टॉप डेड सेंटर शोधायला लागणार."

"म्हणजे?"

"पिस्टन पार वर येऊन थांबतो, ती जागा. पण तो दोनदा वर येतो. एकदा हवा दाबत येतो, ते खरं टोक. एकदा नुसता धूर ढकलत येतो, ते खोटं. प्लग काढा, भोकावर कुणाला तरी अंगठा धरायला लावा आणि तुम्ही पान्याने इंजिन फिरवा. अंगठ्याला आतून हवेचा दम लागला आणि इंजिनाच्या चाकावरची खूण जुळली, की थांबा. नाहीतर राहू द्या, मी दुपारी येतो."

"तेवढं येतं मला," म्हणून हेडक्लार्कने फोन ठेवला. (येत नव्हतं.)

त्याने बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली.

"इथे अंगठा दाबून धर. मी विचारलं की दम लागतोय का तेवढं सांग. मध्ये काही विचारू नकोस."

तिने काही विचारलं नाही. तो बंपरपाशी उकिडवा बसला आणि पाना ओढू लागला. इंजिन तसूभर हलायचं आणि त्याच्या कपाळाची शीर टरारून फुगायची.

"लागतोय का दम?"

"थोडासा वाटतोय."

"आता?"

"लागलाय की! चांगलाच लागलाय. थांबा बघू आता."

खूणही नेमकी जुळलेली. हेडक्लार्कने खुशीत डबा बसवला, तारा जोडल्या आणि किल्ली फिरवली.

असा धडाका झाला की समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. पुन्हा किल्ली, पुन्हा धडाका.

"एक अंगठा धरता येत नाही तुला!" तो सगळ्यांदेखत ओरडला.

ती आत गेली. दारातून सासरे म्हणाले, "जावईबापू, येऊ का मी?"

"तुम्ही बसा हो, बाबा. होतंच आलंय."

ते होतंच येत राहिलं. दहा वाजून गेले, एक वाजून गेला. सासरे बूट न काढताच जेवले आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. पुन्हा एकदा त्यांनी "येऊ का?" विचारलं, पुन्हा त्यांना बसवण्यात आलं. मेकॅनिक येऊन गेला, तर त्यालाही "झालंच" म्हणून दारातूनच परत पाठवलं. पावणेपाचच्या सुमारास बॅटरी संपली. तेव्हा सासरे न विचारताच उठले आणि भिंत चाचपत गाडीपाशी आले.

"खोट्या टोकावर बसवलंय तुम्ही. सकाळपासून आवाज ऐकतोय मी."

"मग बोलला नाहीत ते?"

"दोनदा बोललो."

मग त्यांनी लेकीला हाक मारली. "काय गं, अंगठ्याला दम लागला होता का?"

"अंगठ्याला? अगं बाई! मला वाटलं, हे स्वतःचंच विचारतायत. तोंड केवढं लाल झालं होतं! म्हटलं, आता थांबलेलं बरं."

"मग अंगठा कशासाठी धरलाय असं वाटलं तुला?"

"आत धूळ जाऊ नये म्हणून असेल. विचारू नकोस म्हणाले होते ना."

हेडक्लार्कला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आपली त्याचा दम बघत बसली होती आणि त्याने तिला चारचौघांत झापलं होतं. 'चुकलंच माझं' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. (तिथून आत गेले. ते त्याने रात्री म्हटले, तेही कपाटाकडे बघत.)

सासऱ्यांनी भोकावर स्वतःचा अंगठा धरला. "फिरवा. अजून. अजून थोडं. हं, लागला दम." दहा मिनिटांत डबा जागेवर बसला. तेवढ्यात पुतण्या आला. बरोबर पाचला.

बॅटरी मेलेली, तेव्हा धक्का मारूनच गाडी चालू करणं भाग होतं. पुतण्या म्हणाला, "भाऊजी, तळ्यापर्यंत नाही जमणार. वाटेत बंद पडली तर पुन्हा धक्का, आणि मला उजेडात पोचायचंय. इथेच एक फेरी मारून आणतो काकांना."

"चालेल की," सासरे म्हणाले. रागावले असते तर हेडक्लार्कला बरं वाटलं असतं.

ते पुढे बसले, त्यांची लेक मागे. धक्का कुणी मारायचा, हा प्रश्नच नव्हता. हेडक्लार्कने गल्लीच्या टोकापर्यंत गाडी ढकलली आणि ती सुरू झाली. उचकी न देता. तळ्याच्या रस्त्याला न लागता ती डावीकडे वळली. तो गुडघ्यांवर हात टेकून तिथेच धापा टाकत उभा राहिला.

फेरी पुरी करून गाडी त्याच्याजवळून हळू गेली, तेव्हा सासऱ्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"जावईबापू, दम लागला का?"

त्याने नुसती मान हलवली. मागच्या खिडकीतून बायकोच म्हणाली, "लागलाय, बाबा. या वेळी कुणाला ते नीट बघून सांगतेय."