अठराशे चाळीस पावलं

निवृत्त मोजणीदारांनी चौकातल्या घड्याळाखाली टाच टेकवली आणि बायकोला बजावलं, "आता मध्ये बोलायचं नाही. अठराशे चाळीस पावलं झाली की झरा."

उभा जन्म जमिनी मोजण्यात गेलेला माणूस. लग्नानंतर चौथ्या दिवशी दोघं या डोंगरातल्या गावी आली होती, तेव्हाही त्यांनी झऱ्यापर्यंतची पावलं मोजून वहीत लिहून ठेवली होती. नवी नवरी शेजारी असताना असलं काही सुचणं कठीणच, पण त्यांना सुचलं. आता चाळीस वर्षांनी त्याच झऱ्यावर, त्याच दगडावर दोघांनी बसायचं, एवढ्यासाठी ते गुडघे सांभाळत घाट चढून आले होते.

"अहो, कुणाला तरी रस्ता विचारू या ना."

"मोजणीदार रस्ता विचारत नाही. बघ, चुकला आकडा!"

पुन्हा घड्याळापासून सुरुवात.

जुन्या पायवाटेवर आता शिंप्याचं दुकान उभं होतं. मोजणीदारांनी रेघ सोडली नाही. "बाजूला व्हा, मोजणी चालू आहे," असं म्हणत ते दुकानात शिरले आणि "चारशे बारा, चारशे तेरा" करत मागच्या दाराने बाहेर पडले.

"मेलो!" शिंपी ओरडला. "रस्ता रुंद होतोय! सरळ माझ्या दुकानातून!"

झालं. शिंपी मागे धावला, त्याच्यामागे अर्ध्या शिवलेल्या कोटातलं गिऱ्हाईक, त्याच्यामागे बेकरीवाला.

"साहेब, जरा डावीकडून न्या ना! तिकडे नुसतं गवत आहे!"

"गवत? तिकडे माझी भट्टी आहे!"

आकडा चुकेल म्हणून मोजणीदार कुणालाच उत्तर देईनात. साहेब बोलत नाहीत म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली. भांडत भांडत सगळी वरात जंगलात शिरली. तीच उंच झाडं, तोच ओल्या पाल्याचा वास. मोजणीदारांनी एकदा मान वर करून पाहिलं, पण पावलं मात्र ताठ, सरकारी मापाची पडत राहिली.

"अठराशे चाळीस!"

समोर उघडी टेकडी. झरा नाही, दगड नाही. मागे वळून पाहतात तर बायकोही नाही.

"अहो, आमची ही कुठे गेली? निळा स्वेटर! कुणी पाहिलं का?" जन्मात कुणाला रस्ता न विचारलेला माणूस एकेकाला धरून विचारू लागला. रस्त्याचं भांडण विसरून सगळे उलटे पळाले.

बरंच मागे, वाटेच्या जरा खाली, बाई एका दगडावर झऱ्यात पाय सोडून निवांत बसल्या होत्या.

"तू इथे कशी पोचलीस?"

"मोजत. तुम्ही गेलात ढांगा टाकत, मी आले आपली माझ्या पावलांनी. दुकानाला वळसा पडला तेवढी जादा पावलं सोडून दिली. अठराशे चाळीस."

"पण वहीत मी माझी पावलं लिहिली होती!"

"त्या दिवशी माझी नवी चप्पल चावत होती. सगळी वाट तुम्ही माझ्या पावलाला पाऊल लावून चाललात. विसरलात?"

मोजणीदारांना आठवलं, आणि नेमका रुमाल सापडेना.

शिंपी हळूच पुढे सरकला. "साहेब, मग माझ्या दुकानाचं काय?"

"मला कसलं विचारता? साधी पावलं मोजता येत नाहीत मला," मोजणीदार बूट काढत म्हणाले, आणि बायकोने दगडावर सरकून जागा दिली.