शिदोजीराजांचे मस्तकीं तारांचा टोप चढविला त्याची हकीकत

श्री. ज्या शक्तीनें मस्तकांत विचार घातला आणि विचारास वाट दिली, तीस दंडवत घालोन लेखणी उचलिली. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, एके राज्यीं (नांव सांगत नाहीं, उगाच कज्जे होतील) राजे शिदोजीराव यांचे मस्तकीं रक्ताची गुठळी होऊन हात राहिले, पाय राहिले, वाचा गेली आणि डोळे उघडे असोन पापणीही हुकुमांत राहिली नाहीं. मग दरबार म्हणो लागला, "महाराज आंत नाहींतच." कन्या आवडाबाई, वय वर्षें सोळा, उसळोन बोलिल्या, "आहेत! मी गाऊं लागलें कीं आबासाहेबांचा श्वास वाढतो. माझा सूर चुकतो म्हणोन वाढत असेल, पण वाढतो!" चुलते बयाजीराव यांचे मनीं मात्र ऐसें, कीं राज्याचा शिक्का आपले हातीं घ्यावा आणि वडीलबंधूंस गडाखालील बागेंत निजवोन ठेवावें.

मग आवडाबाईंनीं विसाजीपंत यंत्रविशारद यांस आणविलें, आणि पंत तारांचा टोप व संगणक घेऊन आले, आणि गडावर एकच धांदल जाहाली. टोप मनांतलें वाचतो ऐशी आवई उठोन सरदारांनीं पागोट्यावर पागोटें बांधिलें, आणि मुदपाकखान्याचे दारोगा तर डोईवर कढईच घालोन हिंडों लागले. पंत हसोन बोलिले, "दारोगा, कढई उतरा. हें मन वाचीत नाहीं. हात उचलावा ऐसें मनीं आणिलें कीं मेंदूंत बारीक वीज खेळते. हात उचलो न उचलो, वीज खेळतेच. टोप ती टिपतो, आणि संगणक वारंवार पाहोन तिची चाल ओळखावयास शिकतो. चुकतोही. महाराजांनीं मनीं उजवा हात उचलिला तर पडद्यावर 'होय' उमटेल, पाय हलविला तर 'नाहीं'."

मग पंत आणि आवडाबाई यांनीं दार लावोन महिनाभर राजांकडोन सराव करविला, आणि 'होय-नाहीं' नीट उमटों लागलें, आणि दरबार भरला. बयाजीराव पुढें आले, लवोन मुजरा केला आणि विचारिलें, "दादासाहेब, शिक्का आम्हांस द्यावा काय?" पडद्यावर 'होय'! मग चौघडा वाजला, आणि बयाजीराव मिशीवर हात फिरवोन बोलिले, "जाहालें काम. आतां हें तारांचें जंजाळ मोडोन टाका." आवडाबाईंचे मनीं आलें, आबासाहेबांचा आवाज आतांशा कोठें मिळाला होता, तो याच दिवशीं कायमचा बंद होणार! इतक्यांत सेनापती पुढें होऊन मुजरा करिते जाहाले, आणि तोंड उघडण्याआधींच पडद्यावर पुन्हा 'होय'.

"थांबा! यांनीं तर कांहीं विचारिलेंच नाहीं," आवडाबाई बोलिल्या. मग त्यांचे ध्यानीं आलें, कीं मुजरा जाहाला तर राजांनीं उजवा हात उचलोन तो घ्यावा हा रिवाज, आणि आबासाहेबांनीं घोडे राखणारे मोतद्दाराचाही मुजरा कधीं टाकिला नाहीं; आतांही मनीं हात उठतच असेल. "दारोगा, मुजरा करा आणि विचारा, महाराज भोपळा आहेत काय?"

"बाईसाहेब, माझी मान जाईल!"

"कढई आहे ना? विचारा!"

दारोगांनीं कढई डोईवर घट्ट दाबोन मुजरा केला आणि विचारिलें. 'होय'. दरबार खोकूं लागला, कारण हसावयाची सोय नव्हती. विसाजीपंतांनीं कपाळावर हात मारिला, "आमचे प्रयोगशाळेंत कोणी मुजराच करीत नाहीं हो, सुचावें कसें?" मग आवडाबाईंनीं हुकूम केला, "काकासाहेब, ताठ उभे राहोन विचारा."

"पोरी, ही बेअदबी!"

"आजचे दिवस हाच अदब समजा."

बयाजीरावांनीं दांतओठ खाऊन विचारिलें. पडद्यावर उमटलें 'नाहीं'. पुन्हा विचारविलें, पुन्हा 'नाहीं'. मग आवडाबाईंनीं मान ताठ ठेवोन विचारिलें, "शिक्का आबासाहेबांपाशीं आणि यंत्र याच महालीं राहावें काय?" 'होय'. बयाजीराव पागोटें सांवरीत निघोन गेले, आणि दरबार उठला.

एणेंप्रमाणें राज्य राजांचें राजांपाशीं राहिलें, आणि तेथें प्रश्न आधीं व मुजरा मागाहून ऐसा नवा रिवाज पडला. त्या दिवशीं सारे गेलियावर आवडाबाईंनीं कांहींएक न विचारितां आबासाहेबांस मुजरा केला, आणि पडद्यावर 'होय' उमटलें.