बिनपंख्याचा डबा

बिटोला शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या ट्रायचेने घरच्या सिनेमांसाठी छोटा कॉम्प्युटर निवडायला सात आठवडे लावले. टीव्हीशेजारचं जुन्या कॉम्प्युटरचं धूड पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं, वीजही मरणाची खायचं. नव्या कॉम्प्युटरने दिवसरात्र चालू राहून सिनेमे, मालिका टीव्हीवर पोचवायच्या आणि घरात त्याची चाहूलही लागता कामा नये, असा ट्रायचेचा पण. जेवताना तो वॅट सांगे, झोपताना डेसिबल.

"माझ्याशी लग्न करताना केली होतीस एवढी चौकशी?" बायको बिलियाना वैतागून म्हणाली.

शेवटी डबा आला. तळहाताएवढा, आत घरघरणारा पंखाच नाही. ट्रायचेने दोन रविवार खपून सासूबाईंची तीनशे भागांची मालिकाही त्यात भरली. मग डब्याला कान लावला. काहीही नाही! त्याला अगदी भरून आलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास कार्यालयात घरून सासूबाईंचा, रिस्तानाबाईंचा फोन.

"जावईबापू, तुमचा डबा मेला."

"मालिका दिसत नाही का?"

"दिसतेय की. पण आवाज येत नाही."

"मालिकेचा?"

"डब्याचा!"

"आई, आवाज येत नाही म्हणूनच तर घेतला तो!"

"म्हणजे? आपला फ्रीज कसा, चालू असला की कळतं माणसाला. थांबा, बटण दाबून बघते."

"नको! अजिबात दाबू..."

"बघा, आता मालिकाही गेली. म्हटलं नव्हतं, बिघडलाय म्हणून?"

पुन्हा दाबलं की डबा सुरू व्हायचा, पण गप्प. गप्प म्हणजे बंद, म्हणून पुन्हा बटण. दुपारपर्यंत अकरा वेळा हे झालं. डबा बिचारा गोंधळून मालिका पहिल्या भागापासून दाखवू लागला, आणि दोनशे चौदाव्या भागात वारलेला नायिकेचा नवरा धडधाकट उभा राहिलेला पाहून रिस्तानाबाई किंचाळल्या. किंकाळी ऐकून खालच्या मजल्यावरचे ब्लागोयाकाका, रेल्वेतले निवृत्त वायरमन, स्क्रूड्रायव्हर घेऊनच वर आले.

पुढचा फोन त्यांचा. "ट्रायचे, बसलायस ना? तुला फसवलंय रे. आत पंखाच नाही!"

"काका, तो बिनपंख्याचाच असतो!"

"अरे, तेच तर सांगतोय मी!"

ट्रायचे अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत घरी आला. घरात चिटपाखरू नाही. टीव्हीशेजारी नुसती वायर लोंबत होती. तो डोकं धरून बसून राहिला.

पाचला सासूबाई आणि काका आले, मागून बिलियाना. काकांच्या हातात डबा होता आणि त्याच्या डोक्यावर काळ्या चिकटपट्टीने आवळलेला पंखा. वायर लावताच तो भुंग्यासारखा घोंघावू लागला.

"दुकानदार म्हणतो, याला पंखा लागत नाही," रिस्तानाबाई विजयी मुद्रेने म्हणाल्या. "मी म्हटलं, जावई भोळा आहे आमचा, मी नाही! काउंटरसमोरून हललेच नाही. शेवटी फुकट दिला मेल्याने."

ट्रायचेने तोंड उघडलं. बिलियानाने टेबलाखालून त्याला चिमटा काढला. रिस्तानाबाईंनी स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, पेला भरला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"निवड चांगली केलीत हो," त्या म्हणाल्या. "पंखा तेवढा राहिला होता. ब्लागोयालाही असाच एक निवडून द्या."

काका चष्मा लावून कागद-पेन्सिल घेऊन समोर बसले. ट्रायचेने त्या घोंघावणाऱ्या डब्याकडे एकवार पाहिलं, पेला एका घोटात रिकामा केला आणि खुर्ची पुढे ओढली.

"हे बघा काका, पंखे दोन प्रकारचे असतात..."