डावीकडचं शून्य

पुंडलिकभाऊ तारखेतल्या एकट्या आकड्याला कधी एकटं ठेवत नसत. चार तारीख असली की ते ०४ लिहीत. महाराष्ट्र तेव्हा नवा होता आणि मलकापूरच्या आमच्या कचेरीत पीकपाण्याचा मासिक तक्ता भाऊ तयार करत. मी तो टाइप करायचो. शून्य गाळलं की कागद परत यायचा.

"काऊन बे, त्या चारले उघड्यावर बसवतं?"

"भाऊ, डावीकडच्या शून्याला किंमत काय?"

"किंमत नसते, हाव. जागा धरते."

लाखाच्या आकड्यातला स्वल्पविराम म्हणजे त्यांच्या लेखी दोन शेतांमधला धुरा. तो नसला तर शेजारचा आकडा वावरात घुसतो, म्हणत. चहाच्या दुकानातल्या कॅलेंडरवरही त्यांनी पेन्सिलीने शून्यं भरली होती.

भाचीच्या लग्नपत्रिकेत त्यांनी हट्टाने ०२ छापून घेतलं. अमडापूरच्या मावसभावाला वाटलं, छापखान्याने आकडे उलटे लावले. त्याने मनातल्या मनात दुरुस्ती केली आणि वीस तारखेला आहेर घेऊन सहकुटुंब मलकापुरात उतरला. भाऊंनी सगळ्यांना जेवू घातलं आणि शून्याची बाजू समजावून सांगितली. निघताना तो म्हणाला, यापुढं निमंत्रण तोंडीच धाडत जाय.

मग नवे साहेब आले. त्यांना ही शून्यं खपेनात. भाऊंना ती थांबवायला सांगा, ऐकत नसतील तर तक्ता दुसऱ्याकडे देतो, असा निरोप त्यांनी माझ्या गळ्यात घातला. तक्ता गेला तर भाऊंनी कचेरीत यायचं कशासाठी, या विचाराने मला दोन घास गोड लागेनात.

रविवारी दुपारी भाऊंच्या घरी गेलो. भाऊ एकटेच राहत. बायको फार पूर्वी देऊळगाव राजाला माहेरी गेली, ती परतली नव्हती. कचेरीत तो विषय कोणी काढत नसे. भाऊ जेवायला बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला आणखी एक पाट होता, पुढे घासलेली रिकामी थाळी. ती माझ्यासाठीच समजून मी बसू लागलो.

"तिथं नोको बसू." ते उष्ट्या हाताने लगबगीने उठले आणि आतून माझ्यासाठी तिसरा पाट घेऊन आले.

मी त्या थाळीकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"येईन तिले वाटन तवा," भाकरी मोडत ते म्हणाले. "जागा नसली तं उभी राहीन काय?"

मी जेवलो. निरोप तसाच घेऊन परत आलो.

सोमवारी साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, जिल्ह्याच्या कचेरीला तारखा अशाच लागतात. ते साफ खोटं होतं आणि खोटं बोललो की मला आठवडाभर झोप येत नाही. साहेबांनी होकारार्थी मान हलवली, भाऊंचा तक्ता टाइप करायला माझ्याकडे सरकवला. जागेवर येऊन मी यंत्रात कागद चढवला. पाच तारीख होती. आधी शून्य उमटवलं.