लॉरीला सॅल्यूट

माझे दाजी रोज सकाळी सातला अंगणातल्या लॉरीला सॅल्यूट ठोकत आणि मगच चूळ भरत. पाऊस असो, धुकं असो (आमच्या नुव्हेल फ्रांस गावाला दोन्हींचा तुटवडा नाही), हे गृहस्थ बनियनवरच, डोक्यावर खाकी टोपी घालून, टाचा जुळवून त्या गंजक्या लोखंडासमोर उभे. लॉरीला तेव्हा चाकंसुद्धा नव्हती. चार ओंडक्यांवर ती बसलेली होती आणि तिच्या सावलीत आक्काच्या कोंबड्या अंडी घालत होत्या.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आणि दाजी तिचे यजमान. तरुणपणी ते इंग्रजांच्या लष्करात भरती होऊन चार वर्षं इजिप्तला गेले होते. आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत इजिप्तला लेझिप म्हणतात. माणूस लेझिपहून परत आला, पण लेझिप काही माणसातून गेलं नाही. आमटीत मीठ जास्त झालं की, "लेझिपात आसं चालायचं नाय." बस उशिरा आली की, "लेझिपात सोफेरला उन्हात उभा केला आसता." सोफेर म्हणजे ड्रायव्हर. दाजी लष्करात सोफेर होते, असं लग्न जमवताना मध्यस्थानं सांगितलं होतं आणि पुढची तीस वर्षं दाजी स्वतः सांगत होते. लष्करी लायसन पेटीत आहे, हेही सांगत. पेटी कोणी उघडलेली पाहिली नव्हती.

लॉरीच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालू शकलो असतो. तरुणपणी दोन हंगाम मी उसाची लॉरी हाकली आहे. पण पुढे मी क्युरपीप शहरातल्या एका कचेरीत कारकून झालो, गावच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी झालो, शनिवारी मुलांना बाराखडी शिकवू लागलो. कचेरीत सगळ्यांची समजूत होती की मी शाळेतून थेट टेबलावर येऊन बसलो. ती समजूत मला आवडत होती.

इंग्रजांनी आपला तळ उठवला तेव्हा त्यांच्या जुन्या गाड्या विकल्या गेल्या. त्यांतली एक कोणा व्यापाऱ्यानं घेतली, चहाच्या मळ्यापलीकडच्या ओढ्यात घातली आणि तिथंच सोडून दिली. दोन पावसाळ्यांत तिच्या टपावर पेरूची झुडपं उगवली. लोक तिच्यावर चढून पेरू काढत. दाजींनी एक दिवस ती पाहिली, घरी आले, आणि आक्काची दुभती गाय सोडून व्यापाऱ्याच्या दारात नेऊन बांधली. बदल्यात लॉरी. आक्कानं विचारलं, "गाय कुठं हाय?" दाजी म्हणाले, "लेस ली. तुला नाय कळायचं." लेस ली म्हणजे जाऊ दे. हे त्यांचं दुसरं ब्रीदवाक्य. उत्तर नसलं की लेस ली.

ती ओढ्यातून काढायला तीन रविवार लागले. चार बैल, एक मागून आणलेला ट्रॅक्टर आणि गावातले निम्मे पुरुष. दाजी काठावरच्या दगडावर शिट्टी घेऊन उभे आणि इंग्रजीत "ईझी, ईझी" म्हणत होते. बैलांना इंग्रजी येत नव्हतं. दुसऱ्या रविवारी दोर तुटला आणि मी चिखलात कंबरेपर्यंत गेलो. दाजींनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "लेझिपात वाळू आसायची. बरी."

पुढची सात वर्षं हा माणूस लॉरीखाली उताणा पडून होता. वर दिसायचे ते फक्त बूट. एक नट घासून साफ करायला एक अख्खी संध्याकाळ. घासून झाला की तो फडक्यात गुंडाळून साखरेच्या डब्यात. आक्का चहा करायला डबा उघडायची आणि चमच्यात बोल्ट यायचा. पाचव्या वर्षी इंजिन सुरू झालं. दर रविवारी दाजी ते ओंडक्यांवरच तासभर धडधडवत ठेवत. सगळ्या गल्लीच्या धुतलेल्या कपड्यांवर काजळी बसे. मी म्हणायचो, "दाजी, जगातली ही एकच लॉरी आहे जी आवाज करते आणि कुठंच जात नाही."

ते त्यांना लागत असावं, कारण एका गणेशचतुर्थीला त्यांनी भर आरतीनंतर मूर्तीसमोर हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "बाप्पा, तुला समुद्रावर मी नेनार. ह्या कामियोंत. मी सोता हाकनार." कामियों म्हणजे लॉरी. सगळं गाव ऐकत होतं. आमच्याकडे बाप्पासमोर बोललेला शब्द मागं घेता येत नाही. घेतला, तर त्या माणसाला पुढं मांडवात कोणी आरतीचं ताट धरायला देत नाही.

यंदा टायर मिळाले. विसर्जनाला साखर कारखान्याची लॉरी दरवर्षी मागून घ्यायची आमची रीत. सेक्रेटरी म्हणून मीच ते पत्र लिहीत असे. यंदा मी लिहिलं नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदा. लॉरी पहिल्याच वळणावर बंद पडणार, बाप्पा रस्त्यात अडकणार आणि लेझिप कायमचं संपणार. तमाशा नीट पाहता यावा म्हणून मी कचेरीतल्या आमच्या हेडक्लार्कनाही प्रसादाचं आमंत्रण दिलं. माझ्या मनात केवढा विखार होता हे आज लिहितानाही मला बरं वाटत नाही.

आठवडाभर आधी दाजींच्या परसातला शुशूचा मांडव आडवा झाला. ही एक वेलभाजी, आमच्या थंड डोंगरी गावात घरोघरी तिचे मांडव. दाजी म्हणाले, वाऱ्यानं पडला. त्या दिवशी पान हलत नव्हतं. पण मी म्हटलं, लेस ली.

विसर्जनाचा दिवस उजाडला. लॉरी हिरव्या रंगात, केळीच्या खांबांत आणि झेंडूत नटलेली. मागच्या हौद्यात बाया, पोरं, ढोलकी, झांजा. हेडक्लार्क इस्त्रीचा शर्ट घालून हजर. दाजींची खाकी कडक. त्यांनी मला बोटानं खुणावून स्वयंपाकघराच्या मागं नेलं. मला वाटलं, बॅटरी बसली.

"विठू," ते म्हणाले, "मला येत नाय."

"काय येत नाही?"

"हाकायला."

"मग लेझिपात चार वर्षं काय करत होतात?"

"धुवायचो. बत्तीस कामियों. सोफेर दुसरे, आमच्या हातात बादली. आत बसायला नाय द्यायचे." टोपी काढून ते तिचा काठ चाचपत होते. "लग्नाच्या येळी त्या मानसानं सोफेर सांगितलं. मग तेच ऱ्हायलं. वाटलं, एवढी सगळी खोलली, जोडली, तर आपोआप येईल. मागल्या आठवड्यात पहाटे घेतली पुढं. शुशूचा मांडव तवाच पडला."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी कित्येक वर्षं जीव टाकत होतो. ते ऐकून कसं हसायचं, कोणाकोणाला सांगायचं, सगळं मी ठरवून ठेवलं होतं. आणि आता हसू येईना. साठीला आलेला तो माणूस टोपीच्या काठाशी खेळत होता, आणि कारखान्याच्या लॉरीचं पत्र मीच मुद्दाम लिहिलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

"कुनाला बोलू नको," दाजी म्हणाले. "आक्काला तर नायच नाय."

आमच्या गावची एक रीत आहे. मूर्ती ज्याच्या मांडीवर, त्यानं समुद्र येईपर्यंत तिच्यावरचे हात सोडायचे नाहीत, नाक खाजलं तरी नाही. हा मान मंडळाचे अध्यक्ष तुकाराम नाना यांचा, आणि नाना आपला मान कोणाला उष्टाही देत नसत. मी पुढं येऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "लॉरी दाजींनी बाप्पासाठी बांधली. तेव्हा यंदा मूर्ती दाजींच्या मांडीवर. हा मंडळाचा निर्णय." मंडळ म्हणजे त्या क्षणी मी एकटा.

नानांचा चेहरा आंबला. "आनि हाकनार कोन? हेनं तर बाप्पाला शबूद दिलाय."

"दोन्ही हात बाप्पावर असल्यावर हाकणार कसे? बाप्पापेक्षा शब्द मोठा आहे का? मी हाकतो."

"हां, तुला येतंय म्हना," नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोन हंगाम उसाची कामियों हाकलीस की. रोज अंगाला मळी लागलेली आसायची."

हेडक्लार्कांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी धोतर खोचलं आणि सीटवर चढलो.

माएबूरच्या समुद्रापर्यंत सगळा उतार. लॉरी एकदाही बंद पडली नाही. इतकं गोड चालणारं यंत्र मी उसाच्या हंगामात कधी हाती धरलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. मागच्या काचेतून दाजी दिसत होते. मूर्तीला दोन्ही हातांनी धरून ताठ बसलेले, वळण आलं की माझ्याआधी झुकणारे. नाना शेजारी बसून मूर्ती कशी धरावी ते शिकवत होते.

विसर्जन झालं. लोक प्रसाद खात झाडाखाली बसले. दाजी दिसेनात. पाहतो तर त्यांनी कुठूनशी बादली मिळवली होती, नळावरून गोडं पाणी आणून ते लॉरीवरचा खारा वारा धूत होते. चाकाच्या नटाभोवती बोट फिरवून, आतल्या पट्टीपर्यंत हात घालून, न बोलता, भराभर. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच असं काही करताना पाहत होतो, ज्यात त्यांना एका शब्दाचीही फुशारकी मारायची गरज नव्हती.

आक्का माझ्या हातावर मोदक ठेवत शेजारी उभी राहिली आणि दाजींकडे पाहू लागली.

"तुला बोलला व्हय?"

"काय?"

"लग्न झालं तवा त्याच्या हाताला साबनाच्या भेगा व्हत्या," ती म्हणाली. "सोफेरच्या हाताला कशा पडतील? मी इचारलं नाय कवा. तू बी नको इचारू."

"त्यांनी गाय नेली तेव्हासुद्धा?"

"गाय दुसरी आली," आक्का म्हणाली, आणि पोरांना प्रसाद द्यायला निघून गेली.

मी मोदक तोंडात टाकला, एक फडकं उचललं आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाशी बसलो. दाजींनी लॉरीखालून वाकून पाहिलं.

"आसं नाय पुसत, विठू. लेझिपात वरून खाली पुसायचे."

मी वरून खाली पुसू लागलो.