ज्याचं त्याला

भाटकर सरांसमोर कुणाची निंदा करू नये. ते ती मन लावून ऐकतात आणि नावासकट पुढे सांगतात.

"नवं वेळापत्रक म्हणजे शुद्ध गाढवपणा," ते एकदा थेट प्राचार्यांना म्हणाले, "पण हे मत माझं नव्हे, जोशी बाईंचं. ज्याचं त्याला!"

जोशी बाई शेजारीच बसल्या होत्या.

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात सर प्राणिशास्त्र शिकवत, मी ग्रंथालय सांभाळत असे. डब्यातलं घावन दिलं तरी पीठ कुणी भिजवलं हे विचारून मगच तुकडा मोडत. विनोद सांगायचे, पण तो मूळ कुणाचा हे सांगण्यातच त्याचा जीव जाई.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कॉलेजात संगणक आला. सरांचा खाडीतल्या माशांवरचा प्रबंध तेव्हा संपत आला होता. मुंबईच्या मित्राने त्यांना आकडेमोडीचा एक प्रोग्राम फ्लॉपीवर दिला. कुणा परदेशी प्राध्यापकाने तो लिहून सगळ्यांसाठी खुला सोडला होता: वापरा, सुधारा, पुढे द्या. सरांनी त्याला लेखकाच्या नावानिशी संदर्भसूचीत बसवलं.

मार्गदर्शक खवळले. "अहो, उद्या पट्टी-पेन्सिल घालाल! सूचीत पुस्तकं असतात. ओळ काढा, नाहीतर सही नाही."

"निम्मे निष्कर्ष त्याच्यावर उभे आहेत, सर."

"मग आभारात टाका."

"आभारात खानावळीच्या काकू आहेत. त्यांनी आकडे नाही तपासले."

एका ओळीपायी इतक्या वर्षांची मेहनत अडली. अशा वेळी मला वाद सुचत नाही, व्यवस्था सुचते. प्रोग्रामचा सगळा मजकूर छापून घेतला, कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या, लाल कापडी बांधणी केली, पाठीवर लेखकाचं नाव घातलं, दाखल क्रमांक दिला आणि कपाटात ठेवून दिला. पुढच्या खेपेला मार्गदर्शकांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हां, पुस्तक आहे तर!" म्हणाले आणि सही केली.

ते गेल्यावर मी विचारलं, "परक्या माणसासाठी एवढा हट्ट?"

सरांनी तो लाल ग्रंथ कपाटात परत ठेवला. "आमच्या गावी, पूर्णगडला, गौरीत आमच्या आईने रचलेली गाणी म्हणतात. आता आई नाही. सगळे म्हणतात, जुनीच आहेत."

"मग सांगत का नाही?"

"मी मुलगा. घरच्यानेच कसं सांगायचं? परक्याने सांगितलं तर शोभतं."

त्या वर्षी गौरीला मी पूर्णगडला गेले. फेर थांबला तशी मी मोठ्याने म्हणाले, "छान रचलंय हो भाटकर सरांच्या आईने!"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हातारी पडवीकडे वळली. "व्हय रे? तुझ्या आयशीचं गाणं? मग शेवटचं कडवं तुला येत असंल. आमी इसरलो. म्हण बघू."

सर पडवीत खांबाआड उभे होते. तिथूनच, मान खाली घालून, त्यांनी हळूच सुरुवात केली. बायका मागून म्हणू लागल्या.