भिंतीकडे तोंड केलेला राक्षस

तात्यांच्या खोलीत सकाळचा पहिला चहा राक्षसाला मिळत असे. दुसरा तात्यांना, आणि कोणी आलेले असले तर तिसरा त्याला.

राक्षस म्हणजे कागदाच्या लगद्याचा एक भला मोठा मुखवटा. दोन शिंगे, काथ्याच्या जटा, ओठांबाहेर आलेले सुळे. तो खुंटीला टांगलेला होता, पण तोंड भिंतीकडे करून. येणाऱ्याला दिसायची ती त्याची आतली पोकळ बाजू, घमेल्यासारखी आणि काळोखी. त्या पोकळीपुढे तात्या कप ठेवीत, जरा वेळ उभे राहत, आणि चहा गार झाला की तो गॅलरीतल्या तुळशीला ओतीत. तुळस का जगत नाही, याचे त्यांना नेहमी नवल वाटे.

"तात्या, ह्याचं तोंड भिंतीकडे का?" मुखवटा त्या खोलीत आला त्या पहिल्याच दिवशी मी विचारले.

"तुका भिती वाटतली म्हणान," ते म्हणाले.

मला ते खरे वाटले.

तात्या आमच्या लालबागच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहत. ते बोलपटांचे डायरेक्टर होते. आता डायरेक्टर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मोटार आणि सिगारेट येते. तात्या धोतर नेसत, वर कोट घालत, आणि सार्वजनिक नळावर रांगेत उभे राहत. कोकणात लहानपणी ते दशावताराच्या खेळात पेट्रोमॅक्स सांभाळायचे. राक्षस संकासुर रंगात आला की बत्ती खालून धरायची, मग साधा माणूसही भयंकर दिसतो, हे त्यांना तिथे कळले. पुढे मुंबईत येऊन स्टुडिओत दिवे उचलता उचलता ते डायरेक्टर झाले. त्यांचे सगळे बोलपट भुताखेतांचे, शापित विहिरींचे, पाताळातल्या राण्यांचे. चाळीतल्या बायका रडणाऱ्या पोरांना म्हणत, "गप बस, नायतर तात्या पिक्चरमध्ये घालतील."

माझी त्यांची ओळख झाली ती मी कॉलेजात जात होतो म्हणून. आमच्या घरात शाळेच्या पुढे कोणी गेलेले नव्हते. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. चाळीत मला नावाने हाक मारणे जवळजवळ बंद झाले होते. सगळे "ए कॉलेज" म्हणत. एक दिवस तात्यांनी मला वर बोलावले.

"कॉलेज, माझा मराठी अशुद्ध. शेठ म्हणता डायलॉग शुद्ध होये. राक्षसाचा भाषण लिव्हशील?"

मी आठवडाभर बसून लिहिले. 'हे मानवा, तुझ्या आगमनाचे प्रयोजन काय?' अशी सुरुवात होती. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"ह्या कोण बोलता रे? राक्षस की तुझो प्रोफेसर?"

"राक्षस."

"राक्षस शेकडो वर्षां डोहात एकटो बसलोहा. त्येका माणूस दिसला तर तो प्रयोजन इचारतलो? तो म्हणतलो, 'मेल्या, आज तरी इलंस!'"

मी ते खोडून तसे लिहिले. बोलपटाला पैसे पुरवणाऱ्या शेठना ते अशुद्ध वाटले, म्हणून शेवटी दोन्ही काढून टाकले आणि राक्षस नुसता गुरगुरला.

तात्यांचे शेठशी कायम वाजत असे, आणि कारण एकच. तात्यांचा राक्षस शेवटी मरत नसे. राजपुत्र तलवार उपसून गुहेत शिरे, थिएटरातली पोरे शिट्ट्या वाजवत, आणि राजपुत्र तलवार खाली ठेवून राक्षसापुढे नारळ आणि कोंबडा ठेवी. राक्षस मान डोलावून डोहात परत जाई. लोक खुर्च्यांवर उभे राहून शिव्या देत.

"अरे डायरेक्टर," शेठ कपाळाला हात लावत, "पब्लिक तिकीट कशाला काढते? राक्षस मरायला पाहिजे ना!"

"भुताक मारूचा नसता, शेठ. त्येचो मान त्येका देवचो. मान दिलो की तो राखणदार जाता."

"आणि मान दिला की माझा धंदा बसते!"

हा न मरणारा राक्षस होता धाकू. धाकू आमच्याच चाळीत तळमजल्यावर आठ-दहा गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचा आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. देह असा की दारातून तिरका होऊन आत यावे लागे. स्वभाव मात्र असा की रस्त्यात कोणाचा धक्का लागला तर हाच माफी मागे. नायिकेला उचलून न्यायचा प्रसंग आला की तो आधी हात जोडून म्हणायचा, "बाई, रागावू नका हां, तात्यांनी सांगितलंय."

मुखवटा गणपतीच्या कारखान्यात तयार झाला. मूर्तिकाराने आधी धाकूच्या तोंडावर प्लास्टर थापून साचा घेतला, म्हणजे मुखवटा आतून त्याच्या चेहऱ्याला नेमका बसेल. नाकात कागदाच्या नळ्या घालून धाकूला फळीवर निजवले होते. प्लास्टर वाळेपर्यंत हलायचे नाही, अशी तंबी होती. थोड्या वेळाने नळ्यांतून विचित्र आवाज येऊ लागला. मूर्तिकार घाबरला. जीव गुदमरला की काय! तात्या कान लावून म्हणाले, "घोरता तो. रातपाळी करून इलोहा."

मुखवटा तयार झाल्यावर तो हातगाडीवरून दादरच्या स्टुडिओत न्यायचा होता. रंग खराब होऊ नये म्हणून वर लाल फडके टाकले. गाडी गणपतीच्या कारखान्यातून निघालेली, वर लाल फडके. परळच्या नाक्यापर्यंत लोक चपला काढून नमस्कार करत होते. एका बाईने पदराने मुलाचे डोके झाकून त्याला पाया पडायला लावले. हातगाडीवाला तात्यांना म्हणाला, "सांगू का त्यांना, राक्षस हाय म्हणून?"

"कित्याक?" तात्या म्हणाले. "मिळता तो मान मिळांदे."

त्या मुखवट्याला डोळ्यांच्या जागी बॅटरीचे दिवे होते, आणि भोके नव्हती. म्हणजे राक्षस पडद्यावर आग ओकत बघायचा आणि आत धाकूला काही दिसायचे नाही. आत तो डोळे मिटूनच असे. एकदा त्याने गर्जना करत झेप घेतली, नायिका समजून शेठनाच खांद्यावर टाकले आणि गुहेत घेऊन गेला. शेठ ओरडत होते, "अरे, मी आहे, मी!" मुखवट्याच्या आतून धाकू म्हणत होता, "बाई, रागावू नका हां."

धाकूची एकच मागणी होती. एवढी वर्षे त्याने राक्षस केला, पण त्याचे तोंड पडद्यावर एकदाही आले नव्हते. गावी त्याची आई एकटी होती. तिला कोणीतरी सांगितले होते की मुलगा सिनेमात आहे. तिने मालवणला जाऊन एक बोलपट बघितला आणि निरोप धाडला की तू कुठे दिसला नाहीस, खोटे कशाला बोलतोस?

"तात्यानू, एकदाच तोंड दाखवा माझा," धाकू म्हणायचा. "आयेक बघूक होया."

तात्यांनी शब्द दिला. नव्या बोलपटाच्या शेवटी राजपुत्र मान देणार, शाप सुटणार, मुखवटा गळून पडणार आणि खालून माणूस निघणार. तो माणूस धाकू. शेठनी कुरकुर केली, पण मान्य केले. एवढा एकच प्रसंग घ्यायचा राहिला होता.

तेवढ्यात मुंबईत संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटला. गिरणगावात मोर्चे, हरताळ, लाठ्या, अश्रुधूर रोजचे झाले. एका दुपारी गोळीबार झाला, त्यात धाकू गेला. तो मोर्चात होता की पाळीवरून परत येत होता, यावर आमच्या चाळीत अजून वाद होतो. गाववाल्यांना दोन्ही खरे वाटते.

महिनाभराने शेठ चाळीत आले. जिना चढून धापा टाकत ते तात्यांच्या खोलीत म्हणाले, "डायरेक्टर, वाईट झालं. पण पिक्चर अडकून पडलं. मुखवटा तर आहे ना? दुसरा कोण पण पैलवान घाल आत. लांबून तलवार मारू, राक्षस पडला, खलास. कोणाला कळणार?"

तात्यांनी मुखवटा स्टुडिओतून आणून खुंटीला टांगला होता आणि राक्षसाला चहा ठेवला होता. गार झालेला तो कप त्यांनी उचलला.

"माका कळतला," ते म्हणाले.

बोलपट डब्यांतच राहिला. तात्यांना पुन्हा कोणी बोलावले नाही. ते देवळांच्या उत्सवांत दिव्यांची आरास करून देऊ लागले. राक्षसाचा चहा चालू होता. लोक म्हणत, म्हाताऱ्याला लागीर झालंय.

मी बी. ए. झालो आणि महाराष्ट्र राज्य झाले. आमच्या चाळीतल्या मंडळाने ठरवले की सभा घ्यायची, धाकूच्या आईला गावाहून आणायचे, आणि धाकूच्या फोटोला हार घालायचा. सगळे ठरल्यावर कळले की फोटो नाही. गाववाल्यांकडे नव्हता, गिरणीत नव्हता. शेवटी सगळे तात्यांकडे आले. तात्यांकडे धाकूचे पुष्कळ फोटो होते. सगळ्यांत शिंगे.

मंडळाचे सेक्रेटरी चिडले. "कमाल आहे तुमची तात्या! मैलभर फिल्म काढलीत त्याच्यावर, आणि माणसाचा एक फोटो नाही? त्या माउलीला काय दाखवायचं, सुळे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी नाक्यावरच्या फोटोवाल्याला बोलावून आणले. मी सहज वर गेलो होतो. खोलीची खिडकी बंद होती, फक्त एक फट उघडी. तिच्यातून येणारे ऊन तात्यांनी जमिनीवरच्या आरशावर घेतले होते आणि ते खालून मुखवट्याच्या पोकळीत पाडले होते.

"कॉलेज, दारात उभो रव. एक डोळो मिट. आता बघ."

मी बघितले. आधी नुसता खळगा दिसला. मग तो खळगा हळूच बाहेर आला. नाक, गाल, जाड भुवया, मिटलेले डोळे, प्लास्टरखाली उमटले होते तसेच. धाकू. मी एक पाऊल सरकलो तशी त्याची मान माझ्याकडे वळल्यासारखी झाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुखवट्याचे तोंड भिंतीकडे होते ते मला भीती वाटू नये म्हणून नव्हते. इतकी वर्षे तात्या चहा ठेवत होते तो राक्षसाला नव्हता.

"हलू नको रे धाकू," तात्या म्हणाले, आणि फोटोवाल्याला खूण केली.

सभेच्या दिवशी धाकूची आई आली. लहानखुरी, डोळ्यांनी जरा अधू. स्टेजवर फोटो खुर्चीत ठेवला होता. तिने तो दोन्ही हातांनी जवळ घेतला आणि बराच वेळ बघितला. मंडळाचे लोक अस्वस्थ झाले.

"माझोच," ती म्हणाली. मग विचारले, "डोळे कित्याक मिटलेत?"

मागून तात्या म्हणाले, "तो झोपलो होतो गो आये. रातपाळी करून इलेलो. घोरत होतो."

म्हातारी हसली. "ल्हानपणापासून तसोच. खंय पण निजायचो."

मग घोषणा झाल्या, भाषणे झाली. पुढाऱ्यांनी धाकूचे गुण सांगितले. त्यांतले बरेचसे त्याच्यात नव्हते. शेवटी अध्यक्षांनी झेंडूचा भला मोठा हार उचलून फोटोला घातला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तात्या गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी गेले आणि अध्यक्षांचा कोट धरून हळूच म्हणाले,

"हार जरा खाली घेवा. तोंड दिसांदे त्येचा."